बर्फखान्याचं मागचं फाटक

मुंगीच्या बाबांना बर्फखान्यात सगळे ‘जपून’ म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं होतं. दर दोन वाक्यांमागे त्यांच्या तोंडून तो शब्द पडायचा, दुसरं काय! जिना उतरणाऱ्याला जपून, बादली उचलणाऱ्याला जपून, नुसत्या खुर्चीत बसणाऱ्यालाही जपून. घरातून निघताना ते शेगडीचं बटण तीनदा बघायचे. कुलूप लावून ओढून बघायचे, चार पावलं जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढायचे. “एक दिवस ते कुलूपच वैतागून निखळून पडेल,” असं आई म्हणायची, आणि धाकट्यासकट सगळे हसायचे. बाबाही हसायचे. पण कुलूप ओढायचे ते ओढायचेच.

मुंगीला मात्र अकरावं लागल्यापासून हसू येईनासं झालं होतं. त्या वर्षी बर्फखान्याच्या खोल्यांमधली सगळी बिऱ्हाडं मिळून धरणावर फिरायला गेली होती. सगळ्यांचे बाप पाण्यात उतरले. तोफकाकांनी तर भिंतीवरून सूर मारला. तोफकाका म्हणजे कामगारांचे पुढारी. त्यांचा आवाज असा दणदणीत की त्यांनी एका टोकाला शिंक दिली तर दुसऱ्या टोकाचं मूल दचकून उठायचं. आणि तिचे बाबा? ते काठावर टॉवेल घेऊन उभे होते आणि दर मिनिटाला पाण्यातली डोकी मोजत होते. “जपून रे! तिकडे खोल आहे!” तोफकाकांची मुलगी मुंगीच्याच वर्गात, तिच्याच बाकावर बसायची. ती सहज म्हणाली, “तुझे बाबा आजीसारखे आहेत.” मुंगीचा चेहरा पडला. परतताना ती बाबांचा हात सोडून पुढे पुढे चालली.

बर्फखाना मासळीबाजाराच्या मागे होता आणि त्याच्या भिंतीला लागूनच कामगारांच्या खोल्यांच्या दोन रांगा होत्या. बाबा यंत्रघरात ऑपरेटर होते. पाण्याचा बर्फ होतो तो अमोनिया नावाच्या वायूमुळे. तो वायू जाड नळ्यांमधून फिरवायचा, त्याचा दाब सांभाळायचा, हे त्यांचं काम. कुठे गळती आहे का हे बघायला गंधकाची काडी पेटवून ती सांध्यासांध्यावरून फिरवायची असते. गळत असेल तिथे पांढरा धूर होतो. बाकीचे ऑपरेटर हे आठवड्यातून एकदा करायचे. बाबा रोज दोनदा करायचे. त्यांच्या कपड्यांना कायम एक उग्र, नाकात घुसणारा वास असायचा. कपडे कितीही धुतले तरी तो जायचा नाही.

उन्हाळा तोंडावर आला, बर्फाची मागणी वाढली, आणि एका सकाळी बर्फ फोडायच्या यंत्रात लंबूची तीन बोटं गेली. लंबू म्हणजे रस्त्यापलीकडच्या बर्फाच्या वखारीतला उंच, शांत गडी. त्या यंत्रावर जाळी बसवा म्हणून बाबा मॅनेजरच्या मागे लागले होते, पण जपूनचं कोण ऐकतं? मालकाने लंबूचाच हलगर्जीपणा ठरवला आणि त्याला घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी काम बंद पडलं. तीसेक माणसं मोठ्या फाटकापुढे ताडपत्री बांधून बसली. मालकाने गुपचूप बर्फ काढू नये म्हणून तोफकाकांनी फाटकाजवळच्या खड्ड्यातला पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, त्याच्या चाकाला साखळी घातली आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली.

पहिल्या सभेला मुंगी मागे भिंतीवर चढून बसली होती. तोफकाका बोलले तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. मग गर्दीतून तिचे बाबा उठले. त्यांचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. नुसते ओठ हलताना दिसले, आणि हातातली टोपी पिळताना दिसली. तोफकाकांचं उत्तर मात्र पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

“जपून, तू घरी जा बघू! गॅसचं बटण बघून ये, चालू राहिलं असेल!”

हशा पिकला. बाबांच्या शेगडीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. बाबा अजून काहीतरी म्हणत होते, पण मागच्यांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. मुंगीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

एक आठवडा गेला, दोन गेले, तिसरा लागला. डब्यातलं धान्य तळाला गेलं. आई एका लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला जाऊ लागली आणि संध्याकाळी मनगटं चोळत घरी येऊ लागली. ती ताट वाढायची तेव्हा स्वतःचं ताट कधी घ्यायचीच नाही. “मी मघाशीच खाल्लं,” म्हणायची, आणि मुंगीला ठाऊक होतं की मघाशी काहीच शिजलेलं नव्हतं. धाकटा चार वर्षांचा. तो सारखा काहीतरी मागायचा आणि मग आईचं तोंड बघून गप्प व्हायचा.

बाबा ताडपत्रीखाली बसायला जात, पण दुपारी बारा वाजले की तिथून उठत. दोन-तीन तासांनी घरी यायचे ते घामाघूम. पँट गुडघ्यापर्यंत ओली असायची. तळहातांना फोड आलेले. एकदा ते झोपले असताना मुंगीने त्यांचा हात उलटा करून पाहिला होता. चार फोड, त्यातला एक फुटलेला. आणि कामच बंद असताना कपड्यांना तोच उग्र वास! तिच्या मनात पाल चुकचुकली. पण तिने तो विचार उशीखाली दडपून टाकला.

शाळेत तो उघडा पडला. तोफकाकांची मुलगी बाकावर बसली नाही. दप्तर छातीशी धरून उभी राहिली.

“मी इथे नाही बसणार. माझ्या बाबांनी सांगितलंय. तुझे बाबा फितूर आहेत.”

“म्हणजे?”

“रोज मागच्या फाटकाने आत जातात. मालकाचा बर्फ काढतात. त्यांना पाहिलंय लोकांनी.”

मुंगी भांडायला उठली आणि तशीच खाली बसली. ओली पँट, हाताचे फोड, तो वास. भांडणार कुठल्या तोंडाने?

त्या दिवसापासून भीतीने घरात बिऱ्हाड केलं. नळावर मुंगी गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. तिची कळशी रांगेतून कुणीतरी मागे सरकवून ठेवायचं. संध्याकाळी दारावरून पावलं गेली की आई हातातलं काम थांबवायची आणि ती पावलं पुढे जाईपर्यंत श्वास रोखून धरायची. एकदा सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर मेलेला उंदीर ठेवलेला होता, शेपटीला दोरी बांधून. बाबांनी तो कागदात गुंडाळून नेला.

शुक्रवारी, दिवे लागायच्या सुमाराला, दगड आला.

खळ्ळकन आवाज झाला आणि धाकट्याच्या खाटेवरच्या खिडकीची काच त्याच्या अंथरुणावर सांडली. नशीब, तो आईच्या मांडीवर होता. दगड नारळाएवढा होता. भिंतीला आपटून तो मुंगीच्या पायाशी येऊन थांबला. बाहेर कुणीतरी पळालं. कोण ते कळलं नाही, आणि हेच जास्त भयंकर होतं. आता शेजारचा प्रत्येक माणूस तो असू शकत होता.

धाकटा भोकाड पसरून रडत होता. आई बाबांवर ओरडली, “बस झालं! उद्यापासून तुम्ही आत जायचं नाही. कुणी दमडी देत नाही, कुणी विचारत नाही, आणि इथे पोरांचे जीव जायची वेळ आली!”

“मी नाही गेलो तर…” बाबा म्हणाले आणि मुलांकडे बघून थांबले.

“नाही गेलात तर काय?” मुंगीने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “मालक रागावेल? मालकाला घाबरता ना तुम्ही? तुम्ही सगळ्यांनाच घाबरता. भित्रे आहात तुम्ही!”

आई म्हणाली, “मुंगे!” पण शब्द सुटून गेला होता.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते गुडघ्यांवर बसले आणि गोधडीतून काचेचे बारीक बारीक तुकडे वेचू लागले. बोटाने चाचपून, एकेक. पुन्हा झटकून, पुन्हा चाचपून.

दुसऱ्या दिवशी शनिवारची अर्धी शाळा होती. आई लॉन्ड्रीत, धाकटा शेजारच्या काकूंकडे. खोल्यांमध्ये त्या एका काकूच अजून त्यांच्याशी बोलत. मुंगी घरी न जाता मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत एका उलट्या टोपलीआड बसून राहिली. तिला एकदाच स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बाबा खरोखर बर्फ काढताना दिसले की काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. बाबांशी कधीच बोलायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

बारा वाजून गेल्यावर बाबा आले. मागे बघत, भिंतीला चिकटून. फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने त्यांना आत घेतलं आणि तो सावलीत जाऊन पेंगू लागला. मुंगी त्याच्या पायांवरून मांजरीसारखी आत शिरली.

आतली शांतता तिला आवडली नाही. एरवी हा बर्फखाना रात्रंदिवस धडधडायचा. आता यंत्रघराचं दार उघडं होतं आणि आत मोठाली यंत्रं अंधारात मुकाट उभी होती. बर्फाचे साचे कोरडे, उलटे रचलेले. बर्फाचा एक खडासुद्धा कुठे नव्हता. यंत्रघराच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली एक लांबलचक लोखंडी टाकी आडवी ठेवली होती. तिच्यावर ओली गोणपाटं पसरली होती. आणि तिचे बाबा मागच्या हौदातून बादली भरून आणत होते आणि त्या गोणपाटांवर ओतत होते.

एवढंच. बादली भरायची, वाकून चालत यायचं, ओतायची, परत जायचं. हौदाचा तळ दिसत होता. बादली कलती करून ते तळाचं गढूळ पाणी खरवडून घेत होते. अधूनमधून टाकीवरच्या गोल काट्याकडे बघायचे, तोंडाने काहीतरी पुटपुटायचे आणि अजून घाईने हौदाकडे जायचे. मुंगीने मोजल्या. एकवीस बादल्या. तिला काहीच कळेना. कामच बंद असताना टाकीला अंघोळ कशाला?

बाबांनी गंधकाची काडी पेटवली आणि टाकीच्या टोकाला असलेल्या नळीवरून फिरवू लागले. एका व्हॉल्व्हपाशी काडी गेली आणि अचानक पांढरा धूर उठला. बाबांचा हात जागच्या जागी थिजला.

मग फस्स असा आवाज आला. आधी बारीक. मग सायकलची हवा सोडावी तसा. मग त्याहून कितीतरी मोठा. व्हॉल्व्हच्या मानेतून पांढऱ्या वाफेचा झोत सुटला, जमिनीवर आदळला आणि पसरू लागला.

बाबा पळाले.

मुंगीने ते स्पष्ट पाहिलं. काडी टाकून, बादलीला अडखळून, तोंडावर हात धरून ते जिवाच्या आकांताने धावत सुटले. ती उभी होती त्याच भिंतीपाशी येऊन ते दोन्ही हातांनी भिंतीला टेकले आणि ओकले. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. “नाही… मला नाही जमणार… नाही…” असं ते कुणालातरी सांगत होते. मग त्यांना ती दिसली.

तो चेहरा ती आयुष्यभर विसरणार नव्हती. मोठ्या माणसाचा चेहरा इतका घाबरलेला असू शकतो, हे तिने तोवर पाहिलं नव्हतं.

“तू इथे काय करतेस?” ते किंचाळले. तेवढ्यात तिच्याही नाकात तो वास घुसला. कुणीतरी नाकात सुई खुपसावी तसा. डोळे चुरचुरले. घसा आवळला.

बाबांनी मान वर करून वाऱ्याचा अंदाज घेतला. बाजाराच्या छपरावरची चिंधी खोल्यांच्या दिशेने फडफडत होती.

“खोल्यांकडे चाललाय,” ते म्हणाले. मग खाली बसून त्यांनी तिचे दंड धरले. शब्द एकेक करून आले, वेचल्यासारखे. “नीट ऐक. हा अमोनिया आहे. पुष्कळ आहे. मागेपुढे दोन व्हॉल्व्ह आहेत, ते बंद केले की थांबेल. पण पाण्याच्या फवाऱ्याशिवाय तिथे जाता येणार नाही. पाणी या वायूला खाली बसवतं. हौद संपला. तू बाजाराच्या बाजूने मोठ्या फाटकावर जा. तोफला सांग, पाणी सोड. आणि खोल्या रिकाम्या कर.”

“धाकटा!” मुंगी म्हणाली. “धाकटा काकूंकडे आहे! मी आधी त्याला…”

“नाही!” बाबांनी तिला एकदा हलवलं. “तिकडे जायचं नाही. आधी पाणी. पाणी आलं तरच तो वाचेल. कळलं?”

“ते माझं ऐकणार नाहीत.”

“मग ओरड.”

ती धावली. बाजाराच्या ओट्यांमधून, माशांच्या पाण्यावरून घसरत, एक चप्पल मागे टाकून. उजवीकडे वळलं की खोल्या होत्या, धाकटा होता. डावीकडे फाटक. त्या कोपऱ्यावर तिचे पाय क्षणभर आपणहून उजवीकडे वळले. तिने त्यांना जबरदस्तीने ओढून डावीकडे घातलं.

ताडपत्रीखाली माणसं पत्ते खेळत होती. ती तिथे पोहोचली तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. याच माणसांपैकी कुणीतरी तो दगड मारला होता. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

“ही जपूनची पोरगी ना?”

“पाणी,” ती म्हणाली. “पाणी सोडा. गॅस… गॅस फुटलाय.”

कुणीतरी फिदकन हसलं. “बापाने पढवून पाठवलेली दिसते. पाणी सोडा म्हणे! म्हणजे बर्फ सुरू!”

तोफकाका उठले. “पोरी, घरी जा. तुझ्या बापाला सांग, लेकराला पुढे करू नये.”

“खरंच फुटलाय! मी पाहिलाय! वारा खोल्यांकडे आहे…”

“जा म्हटलं ना!”

एवढा मोठा आवाज तिच्यावर कधी कुणी चढवला नव्हता. ती मागे सरली. आणि मग तिच्या आतून एक किंकाळी निघाली, जी तिची आहे हेही तिला कळलं नाही.

“माझा भाऊ तिकडे आहे! तुमची मुलगी तिकडे आहे! सगळे मरतील! पाणी सोडा!”

पत्ते खाली पडले. कुणी हललं नाही. मग कोपऱ्यातून लंबू उठला. उजव्या हाताला अजून जाडजूड पट्टी होती. तो तोफकाकांसमोर आला आणि त्याने डावा हात पुढे केला.

“किल्ली दे.”

“अरे, डाव असेल हा मालकाचा.”

“जपून खोटं बोलायलासुद्धा घाबरतो,” लंबू म्हणाला. “त्याने पहिल्याच सभेत सांगितलं होतं, पाणी मारून टाकी गार ठेवा, उन्हात दाब वाढतो. आपण सगळे हसलो. मीपण हसलो. किल्ली दे.”

तोफकाकांनी किल्ली काढली. चाक गंजून बसलं होतं. लंबू खड्ड्यात उतरून एका हाताने जोर लावत होता आणि मुंगी दोन्ही हातांनी त्याच चाकाला लोंबकळत होती. चाक हलेना. तेवढ्यात वाऱ्याची दिशा जराशी बदलली असावी, कारण वास तिथवर आला. एकाला ठसका लागला, मग दुसऱ्याला. तोफकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खड्ड्यात उडी टाकली, चाकाला खांदा लावला आणि चाक करकरत फिरलं. नळीतून पाणी धावल्याचा आवाज जमिनीखालून गेला.

“खोल्या!” तोफकाका ओरडले आणि धावत सुटले. त्यांचा तो आवाज त्या दिवशी खरा कामाला आला. “बाहेर पडा! सामान टाका! पोरं उचला! वखारीकडे चला!” दोन रांगांमधल्या एकूणएक दारात तो आवाज शिरला.

लंबू आणि दुसरे तिघे मागच्या फाटकाकडे धावले. मुंगी त्यांच्या मागे. पहारेकऱ्याने तिला कमरेला धरून अडवलं. “तू नाही, तू नाही जायचं.” ती त्याच्या हातात वळवळत आत बघत राहिली. पांढरं धुकं माणसाच्या कमरेएवढं झालं होतं. भिंतीवरच्या नळाला लावलेला होज कुणीतरी ओढून नेला होता आणि धुक्यात कुठेतरी पाण्याचा आवाज येत होता. बाबा दिसत नव्हते. ओला फडका तोंडाला बांधून लंबू डाव्या हाताने दुसरा होज धरून दाराशी उभा राहिला आणि आतल्या धुक्यावर फवारा मारू लागला.

“जपून!” तो ओरडला. “आवाज दे!”

आतून खोकला आला. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. मग खोकला. मग काहीच नाही.

मुंगीला वाटलं, संपलं. काल रात्री ती त्यांच्यावर ओरडली होती. त्यात ‘भित्रे’ हा शब्द होता. तिने मनातल्या मनात तो परत घेतला, पुन्हा पुन्हा घेतला, पण ऐकायला कुणी नव्हतं.

फस्स आवाज हळूहळू बारीक झाला. इतका हळू की थांबला कधी ते कुणालाच सांगता आलं नसतं. धुकं पाण्याखाली खाली खाली बसलं आणि त्यातून तिचे बाबा गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. लंबूने त्यांना एका हाताने काखेत उचललं आणि त्यांच्या तोंडावर पाणी सोडत राहिला. बाबांचे डोळे मिटलेले होते. ते हाताने हवा चाचपत होते.

“पोरगी?” ते म्हणाले. आवाज घशातून खरवडून येत होता. “पोरगी कुठाय? धाकटा?”

“इथे आहे मी,” मुंगी म्हणाली. धाकट्याचं काय, ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढची दहा मिनिटं तिच्यासाठी सगळ्यात वाईट होती. मग वखारीच्या वळणावरून शेजारच्या काकू येताना दिसल्या आणि त्यांच्या कडेवर धाकटा होता, ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला, खोकत आणि वैतागून रडत.

हॉस्पिटलमध्ये बाबांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. अकरा दिवस. डॉक्टर आईशी दाराबाहेर बोलले आणि आई आत येताना पदराने तोंड पुसून आली. एक दिवस आई औषधं आणायला गेली तेव्हा बाबा हळूच म्हणाले,

“मुंगे, आहेस का?”

“हो.”

“मी पळालो होतो. तू पाहिलंस ना?”

मुंगीने चादरीची दुमडलेली कड सरळ केली.

“सगळे काय काय बोलतात मला इथे येऊन. लंबू तर हात धरून रडला. मला लाज वाटते गं. मी आधी पळालो. तू तिथे नसतीस तर परत आत गेलो असतो की नाही, मला खरंच माहीत नाही.”

मुंगीला वाटलं, काहीतरी मोठं बोलावं. पण तिला एवढंच सुचलं : “मीपण कोपऱ्यावर धाकट्याकडे वळले होते. फाटकाकडे जायच्या आधी.”

बाबांनी हात पुढे केला, आणि तो बरोबर तिच्या डोक्यावर न पडता कानावर पडला. “असू दे,” ते म्हणाले. “आईला सांगू नको. ना तुझं, ना माझं.”

पट्ट्या निघाल्या तेव्हा उजवा डोळा वाचला होता. डाव्यावर दुधासारखी साय आली होती ती कायमची. छातीही पहिल्यासारखी राहिली नाही. जिना चढला की शिट्टी वाजायची.

संप त्यानंतर महिन्याने मिटला. लंबूला फाटकावर बसायचं काम मिळालं आणि बर्फ फोडायच्या यंत्रावर जाळी लागली. तोफकाका एकदा घरी आले, बराच वेळ बसले, आणि नेहमीच्या आवाजात एक वाक्यही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, “चुकलं.” दगड कुणी मारला ते कधीच कळलं नाही. आणि सगळेच बदलले असंही नाही. ‘काही झालं तरी ठरावाविरुद्ध आत गेला होता ना?’ असं नळावर अजूनही कुणीतरी बोलायचं. मुंगी ते ऐकायची आणि आपली कळशी भरायची.

बाबांना यंत्रघरात परत घेता येणार नव्हतं. खोली सोडावी लागली. आता ती चौघं शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बेकरीच्या वर राहतात, आणि बाबा एका वाचनालयात पुस्तकं लावायचं काम करतात. संध्याकाळी मुंगी त्यांना आणायला जाते. त्यांना डावीकडून येणारं वाहन दिसत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना ती त्यांच्या डाव्या बाजूने चालते. दूरवर मोटार दिसली तरी ती थांबते. आधी ती दोन्हीकडे बघते. मग पुन्हा एकदा बघते. बाबा तिच्याशेजारी उभे असतात, वाट बघत, आणि ती ‘चला’ म्हणेपर्यंत एकही पाऊल टाकत नाहीत.